शंभर टक्के रिकामी

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

आज सकाळी संगणकानं मला नोटीस दिली. विंडोज दहाची मुदत काल संपली, यापुढं सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही, नवं यंत्र घेतलेलं बरं, असं पडद्यावर झळकलं. नवं कशाला? सौंदर्या डिप्लोमाला असताना घेतलेलं यंत्र आहे. पोरगी आता पुण्यात नोकरी करते आणि यंत्र अजून धडधाकट आहे. मी एस.टी.त तेहतीस वर्षं काढली, शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. कुठली गाडी मोडीत काढायची आणि कुठली अजून गगनबावड्याचा घाट चढेल, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

रंकाळ्यावर फिरताना आमचा कृष्णात भेटला. नोकरीत असताना वर्कशॉपला होता, निवृत्त झाल्यापासून सगळ्या विषयांतला जाणकार झालाय. म्हणाला, "लिनक्स घाल की, बसलिंगाप्पा. विंडोजसारखंच, पर फुकट हाय. तुजं विंडोज हाय तितंच ऱ्हातंय. डिस्कचा एक तुकडा येगळा काढायचा आणि त्यात ह्ये बसवायचं. चालू करताना इचारतंय, कुटल्यात जायाचं म्हणून."

कृष्णातला जमलं म्हणजे अवघड नसणार. रोजची नोंद ठेवायला ही वही काढली. काम फत्ते झालं की पेन्शनर संघात वाचून दाखवीन. तिथल्या निम्म्या लोकांना मोबाइल सुलटा धरता येत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

नवशिक्यांसाठीचे पाच व्हिडिओ बघितले. 'नमस्कार मित्रांनो' म्हणायला ही पोरं चार मिनिटं घेतात, आणि मग आपल्या आवाजाच्या प्रेमात पडतात. सगळ्याचं सार एवढंच: बॅकअप घ्या, डिस्कवर जागा करा, पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवा, त्यावरून यंत्र चालू करा आणि बसवा. यावर पाच जणांनी मिळून माझे अडीच तास खाल्ले.

बॅकअप म्हणजे जे महत्त्वाचं असेल त्याची नक्कल दुसरीकडं ठेवायची. माझं महत्त्वाचं ते सगळं डी ड्राइव्हला एका फोल्डरात आहे, निरोप समारंभातलं भाषण आणि फोटो. त्याला मी हात लावणार नाही. पहिली पायरी संपली.

संगणकाच्या टेबलाला मात्र शिस्त नाही. माझी खुर्ची रोज कुणीतरी खाली करून ठेवतं. माउसच्या वायरीला दोरा गुंडाळलेला असतो, आज तर की-बोर्डच्या फटीतून टाचणी निघाली. शिवम्मा, म्हणजे आमच्या मंडळी, दुपारी मी संघात गेलो की त्याच खोलीत ब्लाउज बेततात, त्यांचं सामान असं उडत असतं. कपाटावर वर्तमानपत्राच्या कापट्यांचे गठ्ठे आहेत, त्याला म्हणे पेपर कटिंग म्हणायचं. रद्दीवाल्याला देऊ का विचारलं, तर म्हणाली, "हात लावून तर बगा." वर्तमानपत्रात बाहीचा आकार कापला म्हणून त्याचं सोनं होतं अशी तिची समजूत आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज डिस्कची मोजणी केली. सी, डी, ई असे तीन भाग, आणि त्यांच्या पलीकडं साठ जीबीचा एक चौथा. त्याला अक्षर नाही, नाव नाही. शेजारी विंडोजनं स्वतः लिहिलंय, मोकळी जागा शंभर टक्के. म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात प्लॉट पडून आहे आणि सातबाऱ्यावर कुणाचंच नाव नाही. दुसरीकडून जागा काढायची गरजच उरली नाही. व्हिडिओतल्या एकाही शहाण्याला हे सुचलं नव्हतं.

जेवताना सांगितलं. शिवम्मा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या बिननावाच्याला हात लावू नगा. जागा पायजे तर सीमदनं काडा."

सीमदनं! पोरीच्या फोनवरनं दोन शब्द कानावर पडले की झाल्या या इंजिनिअर.

"सी म्हंजे काय ते तरी ठावं हाय का तुला?"

"आवं, पर त्यात माजं..."

"तुजं काय असणार त्यात? तुला टीव्हीचा रिमोट धड येत न्हाय."

हे मी पूर्वीही बोललोय. तीन वर्षांपूर्वी तिला संगणक शिकायची हुक्की आली होती, तेव्हा तिच्या भावासमोर हेच म्हणालो होतो आणि सगळे पोट धरून हसले होते. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. वेळेवर बोललेलं असं उपयोगी पडतं.

आज तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "बरं. करा काय करायचं त्ये. माजं माज्यापाशी हाय." पाटल्यांबद्दल बोलत असणार. संगणकाच्या गोष्टीत पाटल्या कुठून आल्या, कोण जाणे.

२० ऑक्टोबर, सोमवार

सौंदर्याचा फोन. दिवाळीला सुट्टी नाही, नोव्हेंबरच्या शेवटी येते, म्हणाली. "तोवर डिस्कला काही करू नका, आप्पा. आणि अव्वाला विचारल्याशिवाय तर मुळीच नको."

अव्वाला, म्हणजे तिच्या आईला, विचारल्याशिवाय! पोरीला इतकं शिकवून हे फळ. उद्या म्हणेल विमान उडवायच्या आधी अव्वाला विचारा.

दुपारी हातकणंगल्याची तेजस्वी म्हणून एक बाई आली. तिथं तिचा शिवणक्लास आहे. दारात उभी राहून विचारते, "मॅडम हायत का?" मी म्हणालो, "मॅडम बिडम हितं कोण न्हाय. शिवम्मा पायजे असंल तर मागं हाय." दोघी तासभर कुजबुजल्या. जाताना ती टेबलावर छापील पत्रिका ठेवून गेली. वर पंधरा नोव्हेंबर तारीख होती. पुढचं वाचायला चष्मा शोधावा लागला असता, तेवढं काही ते महत्त्वाचं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

शिवम्मा सकाळच्या गाडीनं शिरोळला भावाकडं गेली. रविवारी येईल. चार दिवस घरात शांतता, कामाला हीच वेळ योग्य.

माझा पेन ड्राइव्ह चार जीबीचा निघाला. लागतो आठचा. आज दुकानं बंद. कृष्णातला फोन केला तर हा बहिणीकडं ओवाळून घ्यायला गेलेला. वैतागून चकल्या शोधायला स्वयंपाकघरात गेलो आणि डबे उघडता उघडता शाबूच्या डब्यात काय सापडावं? प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला बत्तीस जीबीचा पेन ड्राइव्ह! माणसं बँकेत लॉकर घेतात आणि आमच्या घरात शाबूत ठेवतात.

लावून बघितला. 'साधा', 'कटोरी', 'प्रिन्सेस' अशा नावांची फोल्डरं, आत बत्तीस, चौतीस, छत्तीस असे आकडे, आणि फाइल उघडली की नुसत्या वाकड्या रेघा. सौंदर्याची डिप्लोमातली ड्रॉइंगं असावीत. भांड्यांची आणि राजकन्यांची चित्रं काढायला मी फी भरत होतो तर!

लिनक्स उतरवायच्या आधी त्यानं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? चालेल म्हटलं. अठरा मिनिटांत पेन ड्राइव्ह तयार झाला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं! सकाळी नऊला बसलो, साडेदहाला उठलो.

यंत्र चालू होताना एफ बारा दाबलं की कशावरून चालू करायचं त्याची यादी येते. त्यात विंडोज, पेन ड्राइव्ह, आणि वर आणखी एक लिनक्स. मी अजून बसवलंही नव्हतं! पेन ड्राइव्हच दोनदा धरला असणार. पुढं बसवणारा प्रोग्रॅम म्हणतो, या संगणकावर आधीच एक विंडोज आणि एक लिनक्स आहे. ठोंब्या स्वतःलाच मोजत होता. फुकटच्या मालाकडून आणखी काय अपेक्षा करायची?

तुकडा निवडायच्या पानावर साठ जीबीपुढं त्यानं लिहिलं होतं, अकरा जीबी वापरात. विंडोज म्हणतं शंभर टक्के रिकामी, हा कालचा पोर म्हणतो अकरा भरलेली. मी जुन्या माणसावर विश्वास ठेवला. 'फॉरमॅट'वर, म्हणजे आतलं सगळं साफ कर यावर, खूण केली आणि पुढं गेलो.

आता चालू करताना दोन ओळी येतात, वर लिनक्स, खाली विंडोज. दोन्ही चालतात. भाषण जागेवर, फोटो जागेवर. कृष्णातला फोन करून सांगितलं, तर अभिनंदन सोडून विचारतो, "त्या तुकड्यात कुनाचं काय न्हवतं न्हवं?" जळतात लोक.

२६ ऑक्टोबर, रविवार

शिवम्मा अकराला आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिला खोलीत नेलं आणि म्हणालो, "बग, काय केलंय. त्या बिननाव्या तुकड्यात बसवलंय." यंत्र चालू केलं, दोन ओळी दाखवल्या, लिनक्समध्ये शिरलो.

पिशवी खाली टाकून ती खुर्चीवर बसली आणि न बघता, एका हातानं, खुर्ची खाली केली. मग माउस धरला. मी दोन दिवसांत जे बघितलं नव्हतं ते तिनं दोन मिनिटांत उघडलं. शेवटी एक काळी खिडकी उघडून भराभरा काहीतरी टाइप केलं, आणि पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावल्या. मी मागं उभा होतो. 

ती उठून स्वयंपाकघरात गेली. डब्याचं झाकण वाजलं. परत आली ती शाबूचा डबा हातात घेऊन.

"ह्यातला पेन ड्राइव्ह?"

"त्यावरच तर उतरवलं. सौंदर्याचं जुनंपानं हुतं त्यात..."

"माजं हुतं," ती म्हणाली. "तिकडं बी माजं हुतं आणि हितं बी माजंच."

मग तिनं सांगितलं, आरडाओरडा न करता. भावासमोर मी ते रिमोटचं बोललो, त्याच्या पुढच्या महिन्यात सौंदर्यानं तिला त्या तुकड्यात लिनक्स बसवून दिलं. मला दिसू नये म्हणून यंत्र आपलं सरळ विंडोजमध्ये उघडायचं, आणि ही दुपारी एफ बारा दाबून आपल्या घरात जायची. तीन वर्षं. दोनशे बारा बायकांची मापं आणि प्रत्येकीचं ब्लाउजचं कटिंग तिनं संगणकावर आखलं होतं. एकदा आखलं की गळा बदलायचा, बाही बदलायची, माप वाढवायचं, सगळं जागेवर. कॉलनीतल्या तीन शिंपिणी तिच्याकडून छापून नेतात. आणि पंधरा नोव्हेंबरला हातकणंगल्यात तेजस्वीच्या क्लासमधल्या बावीस मुलींना ही ते शिकवायला जाणार होती. पत्रिकेवर नाव छापलंय, सौ. शिवम्मा, मार्गदर्शक. मी आज चष्मा लावून वाचलं.

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगत हुते की. तुमी म्हनला, तुजं काय असणार त्यात."

तिला रडायला आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती डबा मांडीवर घेऊन बसली होती.

मला लाज वाटली. हे शाईनं लिहून ठेवतो. ही वही संघात वाचायची नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सौंदर्याला फोन केला. पुसलेलं परत काढता येतं असं एका व्हिडिओत होतं, ते विचारलं. तिनं फोनवरून मला दोन तास राबवलं. निघालं ते फुटक्या नावांच्या तीस-चाळीस फाइली, एक उघडेल तर शपथ. जुन्यावर नवं बसलंय, म्हणाली. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही आधी नक्कल पुसली आणि मग अस्सल. निदान क्रम तरी उलटा करायचा."

माझा निरोप समारंभ मात्र शाबूत आहे. सदतीस फोटो. आज मोजले, तर एकवीस फोटोंत मी एकटाच आहे.

संध्याकाळी शिवम्मा तिच्या अक्काशी फोनवर कानडीत बोलत होती. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी मला कानडी येत नाही, त्या भाषेत ऐकण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं. माझं नाव चारदा आलं. एकदाही आदरानं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बाजारात जाऊन दोन पेन ड्राइव्ह आणले आणि टेबलावर ठेवले. तिनं उलटसुलट करून बघितले आणि "चालतील" म्हणाली. चार दिवसांतला माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मग तिनं स्टूल घेतलं आणि कपाटावरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरवले. प्रत्येक कापटीवर कोपऱ्यात पेननं नाव आणि मापं. मोजले तर एकाहत्तर बायकांचे निघाले. बाकीच्या एकशे एक्केचाळीस जणींची मापं पुन्हा घ्यावी लागणार, त्यातल्या निम्म्या लग्नं होऊन लांब गेल्या. हे गठ्ठे रद्दीवाल्याच्या गाड्यावर गेले असते तर? मी विचारलं होतं खरं.

१ नोव्हेंबर, शनिवार

सगळी व्यवस्था आता तिच्या हातात आहे. तिनं माझ्या लिनक्सचा पासवर्ड मागून घेतला, दोन मिनिटं खाटखुट केलं आणि मला बाहेर काढलं. मग माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं. नाव काय दिलं? पावणं.

"ह्ये कसलं नाव?"

"आल्याला पावणा कसा, बसतोय, चा पितोय, जातोय. कपाटं उगडत न्हाय."

त्या खात्यातून मला काही पुसता येत नाही, काही बसवता येत नाही. फक्त एका तक्त्यात आकडे भरता येतात, आणि तेच माझं काम आहे. ती कापटीवरचं वाचते, मी भरतो: छाती, गळा, मुंडा म्हणजे बाही बसते ती खाच.

"चिमणाबाई. छाती छत्तीस. मुंडा साडेसात. साडेसात म्हटलं, सात न्हवं! गाड्यांच्या येळा अशाच लिवत हुता व्हय तुमी? लोक ताटकळत बसत असतील तितं."

अकरा वर्षांत मला हे कुणी सुनावलं नव्हतं. मी साडेसात केलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

एकाहत्तर पूर्ण. शिवाय सकाळी रंकाळ्याऐवजी तिच्याबरोबर घरोघर फिरतो. ती आत माप घेते, मी बाहेर ओट्यावर वही घेऊन बसतो आणि आतून ओरडून सांगितलेले आकडे लिहितो. काल तानाबाईंच्या दारात कृष्णातनं बघितलं. "काय बसलिंगाप्पा, बायकूचा कंडक्टर झालास की रं!" म्हणाला. एरवी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. काल म्हणालो, "मुंडा साडेआठ, गप बस, चुकंल."

दुपारी ती आखताना मागं बसून बघितलं. एक रेघ धरून ओढते आणि गळा गोल होतो. मला हे येणार नाही. असं मी कुणाबद्दल कधी लिहिलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

संगणक हातकणंगल्याला नेला. एस.टी.त यंत्राचा डबा मी मांडीवर घेतला आणि पडदा तिनं. ड्रायव्हर प्रत्येक खड्डा आवर्जून घेत होता. असला माणूस माझ्या वेळी असता तर त्याला मी आठवडाभर डेपोत झाडू मारायला लावलं असतं. हे जाता जाता लिहिलं, नाहीतर सगळा माझा उतारच झाला असं वाटायचं.

एकशे सहा मापांवर क्लास घेतला. दोनशे बारा असती तर तयारीचे दिवस मापं परत घेण्यात गेले नसते, चार प्रकारच्या गळ्यांची उदाहरणं दाखवायचीच राहिली. तिनं ते मुलींना सांगितलं नाही. तेजस्वीनं तिला फेटा बांधला, मला पाणी दिलं आणि शेवटच्या बाकावर बसवलं.

बावीस मुली. शिवम्मानं यंत्र चालू केलं, पडद्यावर दोन ओळी आल्या. कसं आखायचं ते सांगायच्या आधी ती म्हणाली, "पैला धडा. जे काय करशिला त्येची नक्कल ठेवायची. एक न्हाय, दोन. दोन येगळ्या जागी."

मुलींनी वहीत लिहून घेतलं.

"आणि त्या दोन्ही जागा नवऱ्याला सांगायच्या न्हाईत."

सगळ्या वळून माझ्याकडं बघून हसल्या. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या घरात असेच सगळे तिच्याकडं बघून हसले होते. ती तेव्हा भाकरी वाढत राहिली होती. मी बाकावर बसून राहिलो.

सहाला घरी आलो. तिनं पर्समधून दोन्ही पेन ड्राइव्ह काढले आणि आत गेली. मला चहा हवा होता. डब्यांचे आवाज थांबेपर्यंत मी बाहेरच्या खोलीत बसलो.